पिंजऱ्यातला फोटो

लढाई संपली तेव्हा कारंज्यात जिलेबी वाटली गेली. ती कोणाच्या विजयाची होती याची खाणाऱ्यांनी फारशी चौकशी केली नाही. वाटणारे गृहस्थ आमच्या गावचे रावसाहेब. त्यांची सरकी काढायची जिनिंग होती, आणि लढाईच्या फंडाला मोकळ्या हाताने दिल्यामुळे सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं होतं. आठवड्यातून दोन दिवस ते कोर्टात बसत आणि विनापरवाना टांगे हाकणाऱ्यांना फार गंभीरपणे दंड करत.

मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. अशील नव्हते, म्हणून वेळ होता, आणि वेळ होता म्हणून वाचनालय होतं. वर्तमानपत्रं मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीने येत. ती गाडी इतकी सावकाश येई की बातमी हातात पडेपर्यंत तिचा इतिहास झालेला असे. त्याच इतिहासात आम्ही न्यूरेंबर्गच्या खटल्याची हकीकत वाचत होतो. जर्मनीचे मोठमोठे सेनापती आणि मंत्री दोन रांगांत बसले आहेत, कानाला यंत्रं लावून आपल्याच विरुद्धच्या साक्षी ऐकत आहेत, असं त्यात असे.

वाचनालयात यावर रोज वाद होई. माझा सूर नेहमी तिरका असायचा. ज्या दिवशी गुन्हा झाला त्या दिवशी तसा कायदाच नव्हता, मग शिक्षा कशाची? आणि न्यायाधीश सगळे जिंकलेल्यांचे. ज्याने कुस्ती जिंकली त्यालाच पंच नेमायचं, ही पद्धत आमच्या जत्रेतही चालत नाही, असं मी म्हणायचो. त्याच वेळी मनात दुसरीही गोष्ट येई. आजवर जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांची मुंडकी छाटली, नाहीतर त्यांना बेटावर नेऊन ठेवलं. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती, आणि काय म्हणायचंय ते सांगा, असं विचारलं नव्हतं. ही सुधारणा लहान नव्हती. पण ती मोठ्याने कबूल केली तर वादातली मजा जाईल, म्हणून मी गप्प राही.

जर्मनी लांब होती. हा प्रश्न एक दिवस कामरगावहून चालत माझ्या ओसरीवर येईल, अशी मला कल्पना नव्हती.

आला तो तिशीचा एक माणूस. अंगावर फौजेतला खाकी सदरा, खाली धोतर, आणि चेहरा असा की कातडीखाली मांस भरायचं राहूनच गेलंय. घरची शेती बेताची. लढाईच्या आधी तो फौजेत मोटार ड्रायव्हर म्हणून भरती झाला होता. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला, आणि बाकीच्यांबरोबर त्यालाही जहाजात कोंबून दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर मजुरीला नेलं. गेलेल्यांतले फार थोडे परत आले. तो आला.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “मले कोर्टाचं बोलावनं आलं. मी काई केलं नाई.”

मी कागद वाचला. बोलावणं आरोपी म्हणून नव्हतं. त्या बेटावरच्या छावणीत कैद्यांना मारणाऱ्या जपानी शिपायांवर तिकडेच खटला चालणार होता. साक्षीदारांना इतक्या लांब नेणं शक्य नव्हतं, म्हणून युद्धगुन्ह्यांच्या चौकशीवर असलेला एक कॅप्टन गावोगाव फिरून त्यांच्या शपथेवरच्या साक्षी लिहून घेत होता. कारंज्यात ही साक्ष रावसाहेबांच्या कोर्टात होणार होती. दुभाष्याची जागा रिकामी होती. ती मला मिळाली, कारण बाकीच्या वकिलांना त्या दिवशी कामं होती.

“साक्ष देशील ना?” मी विचारलं.

त्याने कागद माझ्या हातून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, “देईन. पन इंझोरीच्या बुढ्याले बी बोलवा. अन् वहिनीले. मी त्यायच्यापुढेच बोलीन.”

इंझोरीचा म्हातारा म्हणजे त्याच्या दोस्ताचा बाप. दोस्त आणि हा एकाच दिवशी भरती झाले, एकाच बेटावर गेले. दोस्त छावणीतच मेला. हा परत आल्याबरोबर आधी इंझोरीला गेला आणि जे पाहिलं ते त्याने घरात सांगितलं. म्हाताऱ्याने मानलं नाही. सरकारचा कागद ‘बेपत्ता’ म्हणत होता, आणि बेपत्ता माणूस परत येऊ शकतो. म्हातारा म्हणाला, असं घरात बसून कोणीही कोणाला मारून टाकेल. खरं असेल तर चार लोकांत शपथेवर सांग. तेव्हापासून त्या घरात सून होती ती ना सवाशीण ना विधवा. कुंकू लावलं तर शेजारणी बघत, नाही लावलं तर सासरा जेवत नसे.

साक्षीच्या दिवशी रावसाहेबांनी कोर्टाच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. आत जाजम अंथरलं, बादशहाच्या तसबिरीला हार घातला, चांदीच्या तबकात विड्याची पानं आणि अत्तर ठेवलं. अमरावतीहून फोटोग्राफर आणायचा त्यांचा बेत होता. त्याने पैसे आधी मागितले म्हणून तो बेत राहिला. ‘मानवजातीच्या न्यायबुद्धीस वऱ्हाडाची भेट’ या विषयावर त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. कॅप्टनला ते इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी ते चार वाक्यांत सांगितलं, आणि कॅप्टनने माझ्याकडे जितक्या कृतज्ञतेने पाहिलं तितक्या कृतज्ञतेने पुढे कोणत्याही अशिलाने पाहिलं नाही.

कॅप्टन मद्रासकडचा, माझ्याच वयाचा, लढाईआधी वकिली करणारा होता. त्याला फौजी हिंदुस्थानी येत होती. पण त्या भाषेत फक्त हुकूम देता येतात; दुःख सांगायची त्यात सोय नाही. म्हणून साक्ष साक्षीदाराच्या बोलीत होईल, असं त्याने आधीच ठरवलं होतं.

कोर्टात गर्दी होती. त्यातल्या बऱ्याच जणांना साक्षीपेक्षा साक्षीदाराला टोमणे मारायचे होते. आझाद हिंद फौजेच्या गोष्टी तेव्हा घरोघर चालू होत्या, आणि जपानी हे इंग्रजांचे वैरी म्हणजे आपले कोणीतरी, असा सरळ हिशेब होता.

“काहो ड्रायव्हर,” मागून एक जण म्हणाला, “इंग्रजाच्या बाजूनं साक्ष देऊन राह्यले का?”

“मी माह्या दोस्ताच्या बाजूनं देऊन राह्यलो,” तो मागे न पाहता म्हणाला. “तो इंग्रज नोयता.”

टोमणे तिथेच थांबले.

कॅप्टनने आधी एक फोटो टेबलावर ठेवला. छावणीच्या पहारेकऱ्यांचा, पाच जणांचा, एका झोपडीसमोर काढलेला. यातला कोणी ओळखतोस का, असं विचारल्यावर साक्षीदाराने वेळ न घेता मधल्या माणसावर बोट ठेवलं. “हा. हा सार्जंट.” मग बोट उजवीकडे सरकवून दुसऱ्या एकावर ठेवलं, काही बोलला नाही, आणि हात मागे घेतला.

पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, शपथेचा मजकूर म्हणायला सुरुवात केली. “ईश्वरास स्मरून सांगतो की—”

“थांबा,” म्हातारा म्हणाला.

तो भिंतीशी बसला होता, सून त्याच्या मागे पदर ओढून. पागोटं सारखं करत तो उठला.

“हे तुमच्या कोर्टाची शपथ आहे. हे रोज इथं टांगेवाले घेतात अन् रोज खोटं बोलतात. आमच्या गावची घ्या म्हना त्याले. बेल-भंडारा उचलाची.”

रावसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मी कॅप्टनला समजावलं की आमच्याकडे गंभीर वादात देवाचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घेतात, आणि त्या शपथेवर खोटं बोलायला निर्ढावलेला माणूसही कचरतो. कॅप्टन म्हणाला, कोर्टाच्या शपथेनंतर साक्षीदाराने हवी ती शपथ घ्यावी, माझी हरकत नाही. साक्षीदाराने खिशातून पुडी काढली. बेल-भंडारा तो घेऊनच आला होता. तो हातावर ओतणार तोच म्हातारा पुन्हा बोलला.

“असं नाई. ज्याच्यावर शपथ उचलतो तो समोर पाह्यजे. तो कुठी आहे? बोलवा त्याले.”

मला ती रीत माहीत होती. आमच्याकडे पारावर शपथ होते तेव्हा ज्याच्यावर आळ आहे त्याला समोर उभं करतात. त्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं. पाठीमागे उचललेला बेल उचलणाऱ्याच्या घरावर उलटतो, असं मानतात. साक्षीदाराने हातातली पुडी पाहिली आणि हळूच मिटली.

“हे बराबर आहे,” तो मला म्हणाला. “मी इसरलोच होतो, साहेब. तो इथं नाई. मी कसा उचलू?”

मी हे कॅप्टनला सांगितलं. आता चिडेल, असं वाटलं होतं. पण तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला की तिकडे कोर्टात आरोपींचे वकील रोज हीच तक्रार करतात. जो साक्षीदार समोर नाही, ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याचा कागद पुरावा म्हणून कसा घेता? न्यायाधीश म्हणतात, साक्षीदार जगभर पांगलेत, सगळ्यांना आणणं अशक्य आहे. “दोघांचंही बरोबर आहे,” कॅप्टन म्हणाला, “आणि म्हणून मला झोप येत नाही.”

त्याने पुढे सांगितलं ते महत्त्वाचं होतं. त्या छावणीतला, दोस्ताचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेला दुसरा साक्षीदार जिवंत नव्हता. ही साक्ष झाली नाही तर सार्जंटवर बाकीचे आरोप राहतील, पण इंझोरीच्या माणसाच्या खुनाचा आरोप गळून जाईल. मी ते वऱ्हाडीत सगळ्यांना सांगितलं.

म्हातारा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं आणि क्षणभर मला त्याचा राग आला. मग लक्षात आलं. त्याला त्या सार्जंटच्या हक्कांची काळजी मुळीच नव्हती. शपथ झाली की त्याचा मुलगा मरणार होता. ती होत नाही तोवर तो बेपत्ता होता, आणि बेपत्ता माणूस एखाद्या दिवशी गाडीतून उतरू शकतो. बाप रीतीच्या आडून पोराला जिवंत ठेवत होता.

“मामाजी,” मागून आवाज आला.

सून उठून उभी राहिली होती. पदर तसाच होता, आवाज मात्र कोर्टाच्या दारापर्यंत पोचेल असा.

“माह्यं लगन कोनासंगं लागलं?”

म्हातारा म्हणाला, “हे का कोर्टात इचाराची गोष्ट आहे?”

“इथंच इचारून राह्यली मी. यायले सुट्टी नाई भेटली. तुमी म्हनले मुहूर्त टळू द्याचा नाई. खांड्यासंगं माह्यं लगन लावलं. नवऱ्याच्या जागी तलवार उभी केली, तिले बाशिंग बांधलं, अन् मी तिले हार घातला. लगन खरं झालं का खोटं?”

“खरंच झालं,” म्हातारा पुटपुटला.

“अन् ते तलवार बी आपली नोयती. देशमुखाची मांगून आनली होती.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

“मांगून आनलेल्या तलवारीसंगं लगन लागते,” ती म्हणाली, “तं मंग त्या मारनाऱ्याच्या सोताच्या फोटोपुढं शपथ काहून नाई होत? तलवारीवर तं यायचं तोंड बी नोयतं. फोटोवर त्याचं तोंड आहे.”

मी पुढे हायकोर्टातले नावाजलेले वकील ऐकले. इतका सरळ युक्तिवाद फार कमी वेळा ऐकला. ते लग्न म्हाताऱ्यानेच लावलं होतं. ते खोटं म्हणायचं तर सून त्याच्या घरची नव्हती. त्याने हात हलवला. घ्या, अशा अर्थाने.

आता फोटो कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. कॅप्टन म्हणाला, पट्टेवाल्याने तो धरून उभं राहावं. पट्टेवाला दोन पावलं मागे सरकला.

“मी नाई धरत, साहेब. उद्या गावात म्हनतीन, पिंजऱ्यात हाच उभा होता.”

मग पेशकाराने टेबलावरचा पितळी तांब्या उचलला, आरोपीच्या पिंजऱ्यातल्या लाकडी कठड्यावर ठेवला आणि फोटो त्याला टेकवून उभा केला. ज्या कठड्याला रोज टांगेवाले हात टेकत, तिथे आता दक्षिण समुद्रातले पाच शिपाई उभे होते. रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. या प्रसंगाला त्यांच्या भाषणात जागा नव्हती.

साक्षीदार समोर गेला, पुडी उघडली आणि पुन्हा थांबला.

“आता काय झालं?” रावसाहेब म्हणाले.

“यात पाच जन आहेत. तिघायचा काई गुन्हा नाई, मी त्यायले वयखत बी नाई. त्यायच्या तोंडावर शपथ कशी उचलू? ते झाका.”

पट्टेवाला इकडे तिकडे पाहू लागला. मग त्याने रावसाहेबांच्या चांदीच्या तबकातली तीन विड्याची पानं उचलली, त्यांची देठं फोटोमागे खोचली आणि तीन निरपराध माणसांचे चेहरे झाकले. कॅप्टनने हे सगळं आपल्या वहीत टिपून घेतलं. असं काही लंडनमधल्या कायद्याच्या पुस्तकात नसेल, असं तो मला हळूच म्हणाला. मी म्हटलं, अजून नसेल.

मग शपथ झाली.

साक्ष मी इथे सगळी सांगत नाही. दोस्ताला ताप होता. लाकडाचे ओंडके वाहायचे होते, त्याला उचलवत नव्हते. त्याने कैद्यांच्या मळ्यातलं एक रताळं खाल्लं, असं सार्जंटचं म्हणणं. त्याला नारळाच्या झाडाला बांधून फावड्याच्या दांड्याने मारलं आणि तसंच उन्हात ठेवलं. बाकीच्यांना रांगेत उभं करून पाहायला लावलं. पाणी द्यायला जो पुढे गेला त्यालाही मारलं. पुढे गेलेला हाच. संध्याकाळी दोर सोडला तेव्हा दोस्ताच्या अंगात जीव नव्हता. साक्षीदार हे सगळं फोटोकडे पाहत बोलत होता, कॅप्टनकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. मध्येच तो ‘तुनं’ म्हणू लागला. “तुनं दांडा बदलला. पहिला मोडला तं दुसरा आनाले लावला.” मी इंग्रजीत ‘त्याने’ म्हणायला हवं होतं. मी ‘तू’ असंच म्हणालो, आणि कॅप्टनने तसंच लिहिलं.

“मरताना तो काही बोलला का?” कॅप्टनने विचारलं.

“तापात होता. मले म्हने, बैलं सोडले का? ऊन झालं, बैलं सोड म्हने. मी म्हनलं, सोडले.”

मी हे इंग्रजीत सांगायला वळलो तेव्हा म्हाताऱ्याकडे नजर गेली. त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. आमच्याकडे बाप पागोटं उतरवतो तो सुतकात.

साक्ष संपली असं आम्ही समजलो. साक्षीदाराने हातातला भंडारा झटकला नाही.

“अजून एक लिवा. त्याच्या बाजूले जो उघडा ठेवला आहे, तो.”

“त्याने काय केलं?” कॅप्टनने विचारलं. त्या माणसाचं नावही आरोपींच्या यादीत होतं.

“पहाऱ्यावर फिरता फिरता तो पानात बांधलेलं मीठ टाकून जाये. इकडे पाहे नाई. मीठ नसतं तं मी इथं नसतो. ते बी शपथेवर लिवा. बेल उचलला तं डावं-उजवं दोनी सांगा लागते.”

“त्याने कधी कोणाला मारलं?”

“मारलं असन. मी नाई पाह्यलं. पाह्यलं तेच सांगतो.”

मग त्याने एक अट घातली. हा कागद तिकडे त्या दोघांना त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ते काय म्हणाले ते इंझोरीला कळवायचं. नाहीतर फोटोपुढची शपथ अर्धीच राहील. कॅप्टन म्हणाला, वाचून दाखवतातच. उत्तर कळवणं कायद्यात नाही, पण मी कळवीन. म्हाताऱ्याने मान डोलावली. तिघं बैलगाडीने निघून गेले, कॅप्टनही गेला, आणि मग रावसाहेबांनी उरलेलं भाषण केलं. पट्टेवाला, पेशकार आणि मी, तिघांनी ते ऐकलं. विडा मात्र मिळाला नाही. पानं पुराव्याबरोबर गेली होती.

मला खरं सांगायचं तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. साहेब लोकांचे शब्द मी पुष्कळ जमा केले होते. पावसाळा गेला, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि एक दिवस कॅप्टनचं पत्र आलं. मी कामरगावच्या ड्रायव्हरला निरोप पाठवला आणि आम्ही दोघं इंझोरीला निघालो. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत; मागे एक बंब बसवलेला, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. माझा सोबती गाडी ढकलताना फार खुशीत होता. म्हणाला, फौजेत गाडी चालवली पण अशी सगळ्यांच्या मदतीने कधी नाही चालवली.

म्हाताऱ्याने अंगणात घोंगडी टाकली. सून दारात उभी राहिली. शेजारचे दहा-बारा लोक जमले. मी पत्र मराठीत सांगितलं.

सार्जंटला साक्ष त्याच्या भाषेत वाचून दाखवली होती. फोटो, तांब्या, विड्याची पानं, सगळं. आधी तो म्हणाला, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मारलं होतं. मरावा म्हणून मारलं नव्हतं. कोर्टाने त्याला दोषी धरलं आणि लांब मुदतीची कैद दिली. मीठ टाकणाऱ्या पहारेकऱ्यावर तो मारहाणीत होता असा काही पुरावा आला नाही आणि त्याच्या बाजूने ही एक साक्ष आली. त्याला सोडून दिलं. सुटल्यावर त्याने फक्त साक्षीदाराचं गाव कुठे आहे ते विचारलं, आणि कॅप्टनला ते नकाशावर दाखवता आलं नाही.

“फाशी नाई देल्ली?” गर्दीतला एक जण म्हणाला.

“गप राय,” म्हातारा म्हणाला. मग मला विचारलं, “त्याले वकील होता का?”

“होता. त्याच्या बाजूने एक फौजी अधिकारी दिला होता.”

“चांगला होता?”

“कॅप्टन लिहितो, फार भांडला.”

म्हातारा विचार करत बसला. बेचाळीस साली त्याच्या पुतण्याला पोलिसांनी घरातून नेलं होतं. वकील नाही, साक्ष नाही, सरळ तुरुंग. ते त्याच्या मनात असेल असं मला वाटलं. न्याय देणारं सरकार तेच होतं आणि नेणारंही तेच. न्यूरेंबर्गबद्दल वाचनालयात मी जे बोलायचो ते इथे बोलायची मला सोय होती. मी बोललो नाही. ते खोटं नव्हतं, पण त्या अंगणात एवढंच खरं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या बेटावर, आम्हाला न कळणाऱ्या भाषेत, इंझोरीच्या एका माणसाला का मारलं असं कोणीतरी मोठ्याने विचारलं होतं, आणि मारणाऱ्याला उत्तर द्यावं लागलं होतं. माझ्या माहितीत असं आधी कधी झालं नव्हतं. आणि एकदा झालेलं पुढे कोणी मागितलं तर नाही म्हणणं कठीण जातं. कायदा असाच वाढतो. आमच्या तालुक्यातही असाच वाढला.

“वकील होता हे बेस झालं,” म्हातारा म्हणाला. “नाई तं लोक म्हनले असते, एकट्याले धरून मारलं.”

सून आत गेली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने शेजारच्याला जोशीबुवांना बोलवायला पाठवलं, पिठाचा पुतळा करून अग्नी द्यायचा तर काय काय लागतं ते विचारायला. माझा सोबती निघायला उठला तसा म्हाताऱ्याने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

“तू कुठी चालला?”

“गाडी जाईन, काका.”

“जाऊ दे. तेरवीपर्यंत जाऊ नोको. तिकडं खांदा तुनंच देल्ला. आता जेवून जा.”

तो राहिला. मी एकटाच परत आलो. चढावर ढकलायला एक माणूस कमी होता, म्हणून कारंज्याला पोचायला उशीर झाला.